घरटी एक माणूस

मास्तरांना वेडा म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या ओट्यावर यावं आणि माझ्या तोंडावर म्हणावं. पेणच्या बाजारात, चहाच्या टपरीवर अजून म्हणतात. ज्यांना त्यांनी शिकवलं, ज्यांची पोरं आज कंपनीत शिफ्टा करतात, तेच म्हणतात. "तो भिंती रंगवणारा मास्तर!" आणि फिदीफिदी हसतात. मी तिसरीतून उठलेला माणूस. पण मास्तरांना नावं ठेवायचा हक्क कुणाला असेल तर तो मला. ते माझ्या पडवीत राहिले आणि मी त्यांच्याशी जेवढा भांडलो तेवढा बायकोशीसुद्धा भांडलो नाही. टपरीवरच्या लोकांनी त्यांचं काय खाल्लंय की त्यांना हसू येतं?

मूळचे ते रोह्याचे. पेणच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. पेणमध्ये त्यांना कोणी खोली देईना, कारण कोरी भिंत दिसली की त्यांचा हात थांबायचा नाही. जवळ एक डबी असायची, तिच्यात गेरूत भिजवलेलं सुताराचं सूत. एक टोक पोराच्या हातात द्यायचं, एक आपण धरायचं, मधोमध चिमटीत पकडून ताणायचं आणि सोडायचं. फट्! भिंतीवर लाल रेघ. एका घरमालकाच्या देवघराला लागून मारली. दुसऱ्याच्या नव्या चुन्यावर मारली. तिसऱ्यानं ट्रंक रस्त्यावर ठेवली. मग सायकलवर ट्रंक बांधून ते आमच्या गावात, खाडीकाठच्या खारेपाटात आले. आमच्या भिंती कुडाच्या, शेणानं सारवलेल्या. मी म्हटलं, राहा.

दुसऱ्याच दिवशी पडवीत उभी एक, आडवी एक आणि तिरक्या चार. बायको कडाडली. "मास्तर, भिंत मी कालच सारवली व्हती!"

"म्हणून तर रेघ छान उठली, वहिनी."

ती मला म्हणाली, "ह्या माणसाला ठेवलाय कोनी?"

मास्तरांचं सगळं शास्त्र त्या तिरक्या रेघांत होतं. य बरोबर म क्ष अधिक क, असं ते पोरांकडून म्हणून घ्यायचे, आरतीसारखं. मी पडवीत जाळं विणत बसायचो, माझ्याही तोंडात बसलं. क म्हणजे रेघ उभ्या रेघेला कुठं कापते ते. तिथं पहिला ठिपका. म म्हणजे चढ. आडवी किती पावलं गेलो आणि त्यात वर किती चढलो ते. तेवढं चालायचं, दुसरा ठिपका. मग सूत ताणायचं. "दोन गोष्टी विचारायच्या," ते म्हणत. "निघाली कुठून? आणि चढते कशी? तिसरं काही विचारणारा माणूस मूर्ख."

पुस्तकात दुसरी रीत होती म्हणे. तक्ता करायचा, आकडे घालायचे, पाच-सहा ठिपके काढून जोडायचे. मास्तरांना त्या रीतीचा असा राग, की जसा आम्हाला बांध पोखरणाऱ्या खेकड्याचा. "रेघ समोर उभी आहे आणि हे आंधळ्यासारखे तिला चाचपतायत!" सहामाहीत ज्यांनी तक्ते केले त्यांना त्यांनी भोपळा दिला. त्यात पेणच्या मोठ्या लोकांची पोरं होती. तिथून त्यांचे दिवस भरत आले, पण ते पुढे.

हे दोन प्रश्न ते कशालाही लावायचे. आमच्या कणगीत तांदूळ किती, आठवड्याला जातो किती, एवढं विचारलं आणि भिंतीवर उतरती रेघ मारली. ही वरून निघते आणि खाली येते, चढ उलटा, ते म्हणाले. जिथं ती आडव्या रेघेला टेकली तिथं बोट ठेवून बायकोला सांगितलं, "होळीच्या आठवडाभर आधी कणगी रिकामी."

"अभद्र बोलू नका, मास्तर!"

त्या दिवसापासून ती हट्टानं पेटली. माझ्या ताटातला भात कमी, मास्तरांच्या ताटातला त्याहून कमी. होळीची पोळी झाली तरी कणगीत तांदूळ होता. तिनं मूठभर आणून त्यांच्या पुढ्यात ओतला. "घ्या! खोटी पडली का नाय तुमची रेघ?"

मास्तर म्हणाले, "चढ तुम्ही बदललात, वहिनी. रेघ बिचारी काय करेल?"

चालायचे तेही तसेच. आमचे बांध वळणावळणाचे, पण मास्तर सायकल घरी टाकून कुठं निघाले की शेतातून, खाजणातून सरळ. गुडघाभर चिखलात रुतले की हाक मारायचे, "घरधनी!" मला ते घरधनी म्हणत. मी जाऊन ओढून काढायचो आणि शिव्या द्यायचो. एकदा म्हटलं, "मास्तर, खाडीची भरती कवा बघितलीत? आधी हळू चढते, मंग जोरात, मंग परत हळू. ती तुमच्या सुतावर चालत नाय."

त्यांनी तीन दिवस धरमतरच्या बाजूला जाऊन खुंटीवर पाणी बघितलं. परत येऊन म्हणाले, "खरं आहे. ती वाकडी आहे." असे म्हणाले, जसं कोणी सोयऱ्याच्या मुलीबद्दल सांगावं.

आता ज्याच्यावरून आमचं फाटलं ते.

आमची सगळी भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. मधे फक्त मातीचा बांध. उधाणाला बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी आत आणि पुढची दोन-तीन वर्षं भात विसरा. म्हणून बांध राखायला सगळ्या गावाचा जोळ असे. जोळ म्हणजे सगळ्यांनी मिळून बांधावर राबायचं. नियम आजा-पणज्यांपासूनचा: घरटी एक माणूस, आणि दर दोन एकर जमिनीला आणखी एक. बिनजमिनीच्या घरातून एक, दोन एकरवाल्याकडून दोन, दहा एकरवाल्या तात्याकडून सहा.

तात्या म्हणजे जोळाचे मोठे पंच. गडगडाटी माणूस, डोक्यानं तेज.

आणि मी बिनजमिनीचा. बापही मिठागरावर, मीही मिठागरावर. आमची सगळी आळीच तशी. गुंठाभर जमीन नाही. पण खांड पडली की धावा-धावाचा कुकारा ऐकून माझा बाप फावडं घेऊन पहिला धावायचा. कारण ऐका. जोळात ज्याचा माणूस, त्यालाच जोळाच्या बैठकीत तोंड उघडता येई. आणि दिवाळीच्या सुमाराला बांधाची उघाडी, म्हणजे झडप, उघडून आतलं पाणी सोडायचे, जाळं लावायचे. जिताडा, कोळंबी, बोयटं जे येईल त्याचे वाटे घालायचे, माणसागणिक एक. तात्यांचे सहा वाटे, आमचा एक. पण त्यांच्या वाट्याच्या शेजारी, त्याच बांधावर, तसल्याच पानावर मांडलेला एक.

मास्तरांनी त्या उन्हाळ्यात बांधाची डागडुजी बघितली. आमच्या आळीतली एक विधवा डोक्यावर घमेलं घेऊन चिखल वाहत होती. मास्तर माझ्या अंगावर आले. "हिची जमीन किती?"

"नाय."

"मग हिनं तात्यांचं भात वाचवायला चिखल का वाहायचा?"

"घरटी एक हाय म्हणून."

मास्तर लालबुंद झाले. घरी येऊन भिंतीवर रेघ मारली आणि क वर बोट आपटलं. "हा बघा अन्याय! जमीन शून्य, तरी रेघ एकापासून निघते! ही शून्यातून निघाली पाहिजे!"

मी म्हटलं, "मास्तर, ह्याच्यात पडू नका." ते कसले ऐकतात! जोळाची बैठक देवळात बसली तिथं सूत घेऊन हजर. मला वाटलं, हाकलतील. पण तात्या म्हणाले, "येऊ दे, मास्तर हाय. बघू तरी."

देवळाच्या भिंतीवर त्यांनी आडवी मारली, एकर. उभी मारली, माणसं. मग जुनी रेघ, एकावरून निघालेली, दोन पावलं आडवी की एक वर. आणि मग नवी: कोपऱ्यातून, शून्यातून निघालेली आणि ताठ चढणारी. एक पाऊल आडवी, एक वर. "जमीन नाही त्याचं शून्य. दोन एकरवाल्याचे दोनच राहतात, इथं दोन्ही रेघा एकमेकींना कापतात बघा. दहा एकरवाल्याचे सहाचे दहा. ज्याचं भात त्याचा चिखल!"

सगळे तात्यांकडे बघायला लागले. तात्या पान चघळत भिंतीकडे बघत होते. मग उठले, भिंतीजवळ गेले.

"मास्तर, ह्यी रेघ निघते कुठून ते येगळं आणि चढते कशी ते येगळं, व्हय ना?"

"अगदी बरोबर!" मास्तर खूश. हायस्कुलात एवढं चटकन कुणाला कळत नसे.

"मंग निघायचं तेवढं बदला. शून्यातून निघूं द्या. चढ राहूं द्या पहिलाच."

त्यांनी बोटानं भिंतीवर तिसरी रेघ ओढली. जुन्या रेघेला समांतर, फक्त एक पाऊल खाली. "काय रं, कुणाकुणाला पटतंय? प्रत्येक घराचा एकेक माणूस कमी!"

देवळात नुसता गलका. कुणाला नको आहे एक माणूस कमी? दोन एकरवाला खूश, पाच एकरवाला खूश, तात्यांचे सहाचे पाच. मास्तर ओरडत होते, "अहो, अर्धी रेघ चोरलीत! मग बांधाला माणसं कुठून येणार?" कोण ऐकतो!

मी उठलो. "आनी आमच्या आळीचा वाटा?"

तात्या गोड आवाजात म्हणाले, "ज्याचा मानूस शून्य, त्याचा वाटा शून्य. बैठकीलाबी येवाची तसदी नको. अरे, तुझी सुटका केली मास्तरांनी, त्यांच्या पाया पड!"

सगळे हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं आणि अजून माझ्या अंगाची लाही होते. बापानं ज्या बांधावर कंबर मोडली तिथून मला हसत हसत उतरवलं, आणि सूत माझ्या पडवीतलं!

मी घरी आलो आणि मास्तरांशी बोलणं टाकलं. ते पडवीत, मी आत, मधे बायको. "घरधनींना म्हणावं, मी दहा माणसं सुचवली होती." "त्यांना सांग गो, मला काय ऐकाचं नाय." असे चार-पाच दिवस. शेवटी बायको वैतागली. "तुमी दोघं मेले सांगा एकमेकांना, मला चूल हाय!"

तेव्हा मी बाहेर आलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. "मास्तर, तुमाला वाटलं तो एक म्हंजे ओझं. आमच्या डोक्यावर कुणी ठेवलेलं. व्हय? तो एक म्हंजे मी! तात्याकडं जमीन हाय, त्याला गावचा म्हनायला काय लागत नाय. मला तो एकच व्हता. तुमी तो पुसलात आनी वर माझ्यावर उपकार केलात!"

मास्तर रात्री जेवले नाहीत. सकाळी बघतो तर कणगीशेजारच्या भिंतीवर जुनी रेघ पुन्हा मारलेली, आणि एकाच्या ठिपक्यावर गेरूचा एवढा थोरला लपका. मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. भिंतीवरच्या लपक्यानं माझी जागा परत येणार होती का?

बांधाला उन्हाळ्यात पुरेशी माणसं आली नाहीत ती नाहीतच. पावसाळ्यात, नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाला, दिवसाढवळ्या खांड पडली. कुकारा झाला. मी फावडं घेऊन धावलो; पायांना कोण सांगणार की तू आता शून्य? आमची आळी माझ्या मागे.

खांड बैलगाडीएवढी झाली होती. पाणी आत घुसत होतं, कडेची माती ढासळत होती. माणसं अपुरी. तात्या कमरेएवढ्या पाण्यात, खुंट ठोकत होते. मला बघून ओरडले, "ये, ये! उतर!"

मी बांधावर उभा राहिलो. "माझा मानूस धरला का?"

"ही येळ हाय का? धर्मानं ये!"

"धर्मानं देवळात येतो. बांधावर नाय."

काय शिव्या पडल्या मला! माझ्या आईपासून सुरुवात. लोक म्हणतात मी निर्दय. असेन. माझ्या पायाखालून माती जात होती तरी मी फावडं टेकून उभा होतो, आणि माझ्या मागे आळी उभी. कोणी हललं नाही.

एवढ्यात शेतातून सरळ रेघेत मास्तर येताना दिसले. धोतर, कोट, छत्री, छातीपर्यंत चिखल. पेणला बातमी पोचली तसे हायस्कूल सोडून आले होते. कसेबसे बांधावर चढले आणि तात्यांच्या डोक्यावर उभे राहून म्हणाले, "एक."

"काय एक?"

"क बरोबर एक. बोला."

"मास्तर, पानी आत चाललंय!"

"चालू द्या. रेघ मी चुकवली, सुरुवात पुन्हा ठरल्याशिवाय मी इथून हलणार नाही. बोला, घरटी एक!"

तात्यांनी एकदा खांडीकडे बघितलं, एकदा त्यांच्या हिरव्यागार दहा एकरांकडे. मग ओरडले, "धरला! घरटी एक, पहिल्यासारखा! आता उतर मेल्या, का पाय धरूं?"

आम्ही उतरलो. पेंढा, खुंट, चिखलाचे गोळे हातोहात. मास्तरही उतरले. त्यांना गोळा झेलता येत नव्हता, निम्मे तोंडावर घेत होते. ओहोटी लागायच्या आत खांड बुजली. आत आलेलं खारं पाणी पावसानं धुऊन नेलं; भात वाचलं, तात्यांचं आणि सगळ्यांचं.

शाळेच्या वेळात बांधावर गेले म्हणून मास्तरांना हायस्कुलानं काढलं. खरं कारण ते भोपळे, मी सांगतो. कुणी एक शब्द बोललं नाही. ज्यांचं भात वाचलं त्यातला एकही पेणला जाऊन हेडमास्तरांपुढे उभा राहिला नाही. मी गेलो, तर शिपायानं फाटकातच अडवलं. मास्तर ट्रंक बांधून रोह्याला गेले.

दिवाळीला उघाडी उघडली. वाटे मांडले. आमच्या आळीचे मांडले, माझा मांडला. मी विचारलं, "मास्तरांचा?"

तात्या म्हणाले, "ते रोह्याचे. त्यांचं गावात घर नाय. घर नाय तर घरटी एक कुठून?"

"बांधावर व्हते ते!"

"व्हते. धर्मानं."

माझा संताप संताप झाला. माझ्या वाट्यात जिताडा आला होता. मी घरी येऊन तो मधोमध कापला, मीठ लावून पानात बांधला आणि एस्टीनं रोह्याला गेलो.

मास्तर दारातच होते. पानाकडे बघून म्हणाले, "हा माझा वाटा की तुमचा?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "माझ्यातला अर्धा."

"मग नको, घरधनी."

"अहो, जिताडा हाय! पेणवरनं आनलाय!"

"बांधावर तुम्ही धर्मानं उतरला नाहीत. मी तुमच्याकडून धर्मानं कसा घेऊ?"

आणि चहा दिला. नुसता चहा! मी असा चिडलो होतो की चहा बशीत सांडला. परतीच्या गाडीत मांडीवर तेच पान. नागोठण्याला गाडी भरली आणि लोक नाक दाबायला लागले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, फेका ना ते." मी म्हटलं, "माझं नाय, फेकूं कसं?"

पेणला उतरलो तो घरी गेलोच नाही. तसाच चालत तात्यांच्या घरी, आणि त्यांच्या ओट्यावर पान उघडलं. सून नाकाला पदर लावून आत पळाली.

"मास्तर माझ्याकडनं घेत नाय," मी म्हटलं. "मानूस धरायचा अधिकार तुमचा, तुमी धरा. नायतर हा हितंच राहील आनी मीबी हितंच बसलोय."

आणि बसलो. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या माशाकडे. माशा घोंघावत होत्या. शेवटी ते उठले, आतून आपल्या वाट्यातला एक अख्खा जिताडा आणला आणि सुनेला सांगितलं, "मीठ लाव गो ह्याला. सकाळची गाडी हाय मला."

मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. ज्याचं त्यानं निस्तरावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या रिकाम्या हातानं परत आले. माझ्या दारावरून जाताना थांबले, आत आले नाहीत.

"घेतला," म्हणाले. "पन आधी पायरीवर उभा करून इचारलं, निघाली कुठून? मी म्हटलं, एकापासून. मंग म्हनतो, चढ? मी म्हटलं, तुमची जमीन नाय मास्तर, चढ शून्य. तवा कुठं हात पुढं केला." तात्यांनी टोपी काढून घाम पुसला. "वर मला म्हनतो कसा, बरोबर, तात्या, आता तशी काढून दाखवा. ह्या वयात त्याच्या ओसरीवर मला आडवी रेघ मारायला लावली!"